साडेदहा कोटी ओळींचा दिवस

सकाळी ८.३०

पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. हवामान खात्याची रीत अशी की साडेआठला पर्जन्यमापक वाचायचा आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेखाली लिहायचा. मी पुण्यात पावसाच्या नोंदींवर काम करते, त्यामुळे माझंही काम तेव्हाच सुरू होतं. चहा घेता घेता आधी रात्री लावलेल्या कामाचा लॉग वाचते.

स्वयंचलित केंद्र दर १० मिनिटांनी एक ओळ लिहितं. दिवसाला १४४, वर्षाला ५२,५६०. अशी २,००० केंद्रं धरली की वर्षाच्या ओळी साडेदहा कोटींवर जातात, आणि ओळीला ६० बाइट धरले तर फाइल ६ जीबी ओलांडते. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. त्यात १९ केंद्रांचं वर्ष मावतं, विसावं घालायला गेलं की जागा संपते. शेलचं, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी काम करण्याच्या साधनाचं, तसं नाही. त्यातलं ऑक किंवा ग्रेप एक ओळ वाचतं, तिचं काय करायचं ते करतं आणि पुढच्या ओळीकडे वळतं. फाइल ६ जीबीची असो की ६० जीबीची, साध्या लॅपटॉपची मेमरी पुरते.

९.३०

जीझिपने दाबलेल्या नव्या फाइली उतरल्या. कोणतीही फाइल उघडण्याआधी तिची शाबूतपणाची तपासणी करायची, हा आमच्याकडचा पहिला नियम. जीझिपमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे आणि त्याला मिनिटभर पुरतं.

नुकताच रुजू झालेला मुलगा शेजारी बसला होता. म्हणाला, "ताई, फाइल तुटकी असेल तर स्क्रिप्ट थांबेलच ना?"

"नाही थांबणार. पाइप म्हणजे एकीचं उत्तर पुढचीला देत जाणारी आज्ञांची साखळी, आणि तिला शेवटच्या आज्ञेचाच निकाल दिसतो. पहिली मध्येच कोसळली तरी शेवटच्या ऑकला जेवढं मिळालं तेवढं ते मोजतं आणि सगळं ठीक म्हणून सांगतं."

त्याला करूनच दाखवलं. फाइलचा शेवटचा तुकडा हेड या आज्ञेने कापून टाकला आणि तीच स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर एक इशारा येऊन गेला, पण बेरीज छापली गेली आणि निकाल शून्य, म्हणजे यशस्वी. मग स्क्रिप्टच्या वर पाइपफेल, म्हणजे साखळीतल्या कोणत्याही आज्ञेचं अपयश धरणारा पर्याय, आणि चूक आली की थांबण्याचा पर्याय चालू करण्याची ओळ घातली. आता स्क्रिप्ट त्या पाइपपाशीच अपयश सांगून थांबली. डग्लस मॅकिलरॉय यांची पाइपची कल्पना १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली आणि आजही जगभरचा डेटा तिच्यातून वाहतो. पण तिला हा एक बांध घालावाच लागतो.

११.००

आता तारखांचं काम. नोंदीवरची तारीख घड्याळाची असते, आम्हाला हवी पावसाची. प्रत्येक वेळेत १५ तास २० मिनिटं मिळवायची आणि जी तारीख येईल ती घ्यायची. साडेपंधरा तास का नाहीत? कारण ८.३० ची नोंद ८.२० ते ८.३० चा पाऊस सांगते, म्हणून ती संपलेल्या दिवसात गेली पाहिजे. १५.२० मिळवले की ८.३० चे २३.५० होतात आणि तारीख तीच राहते. ८.४० चे मात्र बरोबर रात्रीचे बारा होतात आणि नवी तारीख लागते. साडेपंधरा मिळवले असते तर प्रत्येक केंद्राची रोजची एक नोंद चुकीच्या दिवसात गेली असती, आणि बेरीज पाहून कुणाला शंकाही आली नसती.

मुंबईचा महापूर सगळ्यांच्या आठवणीत २६ जुलै २००५ चा आहे. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर तक्त्यात २७ जुलैपुढे असतात ते याच रीतीमुळे.

१२.१५

अमरावतीच्या बाजूने आलेल्या यादीतलं 'कुऱ्हा' हे गाव आमच्या मूळ यादीतल्या 'कुऱ्हा'शी जुळेना. पडद्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले, फरक शून्य. मग बाइट मोजले. एक १८ भरला, दुसरा २१.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ऱ्हामधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. ठिपक्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, ही एक तऱ्हा. साधा र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारा जोडणारा वर्ण, ही दुसरी. हा अदृश्य वर्णही ३ बाइटांचा, म्हणून १८ चे २१ झाले. कीबोर्ड बदलला की तऱ्हा बदलते. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच, क्रम लावणाऱ्या सॉर्टला आणि फाइली जोडणाऱ्या जॉइनला ही दोन वेगळी गावं. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही हा भेद जात नाही. मजकूर बदलणाऱ्या सेडची एक ओळ लिहून दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्यावं लागतं. दऱ्या, वऱ्हाड, तऱ्हाडी, बाऱ्हे, सगळीकडे हेच. मराठी डेटावर काम करणाऱ्याने ही ओळ स्वतःच्या संग्रहात ठेवावीच. परदेशात लिहिलेल्या पुस्तकांत ती सापडणार नाही, कारण ऱ्ह आणि ऱ्य हा प्रश्न आपला आहे.

शिवाय कुऱ्हा नावाची गावं एकाहून जास्त आहेत, जळगावकडेही आहे. अक्षरं जुळली म्हणजे गाव जुळलं असं नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे, जोडणी त्यावरच करायची. नाव फक्त पडताळ्यासाठी.

१.३०

सॉर्ट लावून जेवायला उठलो.

२.३०

मेमरीत न मावणारी फाइल सॉर्ट तुकड्यातुकड्यांनी लावतो, तुकडे डिस्कवर ठेवतो आणि शेवटी ते एकत्र गुंफतो. हे तुकडे एरवी टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरात जातात. तिथे जागा कमी असेल तर काम अर्ध्यात मरतं, म्हणून मोठ्या डिस्कवरची जागा आधीच नेमून दिलेली बरी. दुसरं, भाषा ठरवणारा एलसी ऑल हा चल 'सी' वर ठेवायचा. मग सॉर्ट भाषेचे नियम न लावता थेट बाइट ताडून पाहतो, आणि काम चांगलंच लवकर आटपतं. जॉइनलाही दोन्ही फाइली एकाच क्रमाने लागलेल्या हव्या असतात.

फक्त हा क्रम यंत्राचा. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. गावांची यादी छापायची असेल तर ती शेवटी मराठी क्रमाने पुन्हा लावून घ्यावी. एवढे कष्ट आपल्या भाषेसाठी घेतलेच पाहिजेत.

४.००

संशयास्पद आकडे. उणे ९९९ म्हणजे नोंद नाही, हे सोपं. पण ५०० च्या वरचा आकडा दिसला की तो उडवून टाकण्याची सूचना कुणीतरी करतंच. आजही झाली. मी ठाम नकार दिला. तो नियम २००५ साली असता तर सांताक्रूझचे ९४४ गाळले गेले असते. त्याच २४ तासांत कुलाब्यात ८ सेंटिमीटरही पाऊस नव्हता, तेव्हा 'शेजारच्या केंद्राशी जुळत नाही' हे कारणही तयार मिळालं असतं. आमची ऑकची स्क्रिप्ट काहीच फेकत नाही. शंका आलेली ओळ कारणासकट वेगळ्या फाइलीत जाते आणि माणूस ती पाहतो.

५.४५

ताळा. आलेल्या ओळी बरोबर घेतलेल्या अधिक बाजूला ठेवलेल्या. एका ओळीचा फरक असला तरी अहवाल जात नाही. ओळी मोजायला वापरतात ते डब्ल्यूसी खरं तर ओळी मोजत नाही, ओळ संपल्याची खूण मोजतं. त्यामुळे शेवटच्या ओळीपुढे ती खूण नसेल तर एक कमी भरते, हेही मुलाला सांगितलं. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेर कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेत आकडेवारीत आली नाही. जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ च्या पुढच्या ओळी बसल्याच नव्हत्या. आलेल्या आणि बसलेल्या ओळी ताडून पाहिल्या असत्या तर ते त्याच दिवशी कळलं असतं. एवढी साधी वजाबाकी टाळण्याला कोणतंही कारण पुरेसं नाही.

६.३०

निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहिला आणि ताळा जुळल्यावरच खऱ्या नावावर हलवला. म्हणजे अर्धवट फाइल कुणाच्या हाती पडत नाही. मूळ फाइली फक्त वाचण्यापुरत्या खुल्या, त्यांना कुणी हात लावायचा नाही. रात्रीचं काम ठरल्या वेळी आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉनवर लावलं.

तालुक्या-जिल्ह्यांतून आकडे पाठवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका, त्यात ००४१७ या केंद्राचं ४१७ होतं. गावाच्या नावाशेजारी कोड लिहा. आणि फाइलीत एकूण ओळी किती, तो आकडा सोबत पाठवा.