घरगुती कर्णा : आधीं कोपरा, मग ॲम्प्लिफायर

जुन्या ग्रामोफोनला वीज ठाऊक नव्हती. तरी सुईच्या इवल्याशा कंपनानें दिवाणखाना भरून जाई. ही किमया कर्ण्याची. पडद्याच्या मानानें हवा फार हलकी, म्हणून उघड्या पडद्याची बहुतेक शक्ति वायां जाते. अरुंद गळ्यापासून क्रमाक्रमानें रुंदावणारा कर्णा त्या दोहोंचा मेळ घालून देतो. घरीं कर्ण्याचा लाऊडस्पीकर करूं इच्छिणारानें हें तत्त्व आरंभींच ध्यानांत घ्यावें.

प्रस्तुत लेखकानें तें घेतलें नाहीं. प्रथम शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर आणिला आणि मग त्याला कर्णा जोडला. दिवसां सर्वांनीं वाहवा केली. पण रात्रीं निजानीज झाल्यावर, गाणें बंद असतांहि, कर्ण्यांतून गुणगुण येऊं लागली. "माजघरांत भुंगा शिरला आहे का रे?" असें आईनें विचारलें. साध्या स्पीकरवर जी कुरकूर कोणास ऐकूं आली नसती, तीच कर्णा मोठी करून सांगत होता.

तेव्हां आधीं जागा पाहावी. ५० हर्ट्झचा खर्ज नीट निघावा, तर मोकळ्या जागेंतील कर्ण्याचें तोंड सुमारें सव्वादोन मीटर व्यासाचें लागतें. एवढें धूड घरांत कोण ठेवील? अमेरिकेंतील पॉल क्लिप्श यांनीं १९४० नंतरच्या दशकांत दुमडलेला कर्णा खोलीच्या कोपऱ्यांत बसविला. दोन भिंती व जमीन यांनींच त्याचें काम पुढें चालविलें. कोपऱ्यांत तोंडाचें क्षेत्रफळ एक-अष्टमांश असलें तरी भागतें.

नंतर ड्रायव्हर. त्याच्यावर छापलेला वॉटचा आकडा ही त्याची योग्यता नव्हे. चुंबक बळकट व पडदा हलका असावा. पत्रकांतील 'क्यूटीएस' हा अंक बहुधा ०.२ ते ०.४ यांच्या दरम्यान असावा.

ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटीं. एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, साधा स्पीकर सुमारें ८५ डेसिबल देतो. चांगला कर्णा १००. पंधरा डेसिबलांचा हा फरक म्हणजे शक्तींत सुमारें ३२ पट. कर्ण्याला तीन वॉट दिले, तर तेवढ्याच आवाजासाठीं साध्या स्पीकरला ९६ लागतील! म्हणूनच '२ए३' या व्हाल्वचे साडेतीन वॉट किंवा '३००बी'चे आठ वॉट घराला पुरे होतात. मात्र व्हाल्वच्या यंत्रांत तीनशें व्होल्टांच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब असतो, व बटण बंद केल्यावरहि कपॅसिटरांत तो टिकूं शकतो. मुलाबाळांच्या घरीं हें यंत्र उघडें ठेवूं नये. स्वतः जोडण्याचा अनुभव नसेल, तर तयार, लहानसा ट्रान्झिस्टरचाच ॲम्प्लिफायर बरा.

विकत घेण्यापूर्वीं रात्रीं तो आपल्याच कर्ण्याला जोडून, गाणें न लावतां, शांतपणें ऐकावा. आमच्या घरीं आतां पांच वॉटचा आहे. आईला भुंगा ऐकूं येत नाहीं.