मालमोटारीचे जुने इंजिन पारखताना

मालमोटारीचे इंजिन निकामी झाले, की एका-दोन गाड्यांवर संसार चालवणाऱ्या मालकापुढे मोठा पेच उभा राहतो. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. नवे इंजिन आवाक्याबाहेरचे असते. आहे तेच उघडून बांधायचे, तर लेथचे काम आणि सुटे भाग मिळून खर्च कोठवर जाईल याचा अंदाज लागत नाही. अशा वेळी मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेले इंजिन हा तिसरा मार्ग समोर येतो. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी येथील जुन्या भागांचे बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. हा व्यवहार मुळातच वाईट आहे असे नाही. मात्र ताजा रंग, धुऊन चकचकीत केलेला ब्लॉक आणि विक्रेत्याने सांगितलेले किलोमीटर या तिन्हींवरून इंजिनाचे आयुष्य कळत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्शापर्यंत दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून सारा प्रश्न दाबाचा, म्हणजेच कॉम्प्रेशनचा आहे. रिंगा, बोअर अथवा व्हॉल्व्ह झिजले, की दाब गळतो आणि थंड इंजिन चटकन सुरू होत नाही. तापलेले इंजिन मात्र ही झीज झाकून टाकते. त्यामुळे पाहणीस जाताना 'इंजिन आधी चालू करून ठेवू नका', असे विक्रेत्यास स्पष्ट बजावावे आणि पोहोचल्यावर प्रथम ब्लॉकला हात लावून पाहावा. तो कोमट लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाण्याचे कष्ट घ्यावेत.

इंजिन गाडीतून काढलेले असले, तरी बॅटरी, डब्यातील डिझेल आणि नळीने दिलेले पाणी एवढ्या सामग्रीवर ते जमिनीवरही चालवून दाखवता येते. सुरू होताच धुराकडे लक्ष द्यावे. थंडीत पहिली काही सेकंदे पांढरट धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर इंजेक्टर, कमी दाब किंवा सिलिंडरमध्ये शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. काळ्या धुराने मात्र फारसे घाबरू नये, कारण तो बहुधा पंप, इंजेक्टर अथवा चोंदलेल्या एअर फिल्टरचा दोष असतो आणि तो दुरुस्त होतो.

यानंतरची परीक्षा अधिक मोलाची. इंजिन मंद गतीवर चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. किंचित वाफ निघाली तर हरकत नाही. परंतु ठेक्यात भकाभक हवा येत असेल, झाकण नुसते ठेवताच उडत असेल, तर रिंगांमधून वायू खाली उतरत आहे असे समजावे. मिस्त्री कॉम्प्रेशन गेज लावणार असेल, तर आकड्याइतकेच सिलिंडरांमधील फरकालाही महत्त्व द्यावे. पाच सिलिंडर सारखे आणि एक फारच मागे असेल, तर इंजिन उघडावे लागणार हे निश्चित.

ऑइलची पट्टी काढून पाहावी. दुधी ऑइल म्हणजे पाणी मिसळलेले. त्याचे कारण गॅस्केटही असू शकते किंवा तडा गेलेले हेडही, आणि दोहोंच्या खर्चात फार मोठे अंतर आहे. ऑइल अगदी नवे दिसले तर जुना फिल्टर मागून घ्यावा व कापून पाहावा. त्यात तांबूस चकाकणारे कण आढळले तर बेअरिंग संपत आले आहे. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हा फिल्टर अधिक बोलका असतो.

कोणते इंजिन आहे, हेही पाहावे लागते. टाटांच्या जुन्या '६९७' इंजिनाच्या नावातच त्याचे माप आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. ते रस्त्याकडेचा मिस्त्रीही बांधू शकतो. टाटा कमिन्सची स्थापना १९९३ मध्ये झाली. त्यांच्या जमशेदपूर कारखान्यातील ५.९ लिटरचे इंजिन बी मालिकेचे. अमेरिकेत डॉज रॅम पिकअपमध्ये १९८९ पासून बसवले गेले तेही याच मालिकेतले. या इंजिनाचा बोअर थेट ब्लॉकमध्येच कापलेला असतो, वेगळा लायनर नसतो. अर्धा व एक मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात, म्हणजे बोअर फार तर दोनदा वाढवता येतो. त्यापुढे स्लीव्ह बसवण्याचे वेगळे काम निघते. म्हणून आधी किती वेळा बोअर केले आहे, हे विचारण्यापेक्षा मोजून घ्यावे. क्रँकशाफ्टचेही तसेच, प्रत्येक ग्राइंडिंगबरोबर त्याचे उरलेले आयुष्य घटत जाते.

कॉमन रेल इंजिनांची गोष्ट निराळी. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. या इंजिनांबरोबर नियंत्रण संगणक, वायरिंग व सेन्सर जुळणारे मिळाले नाहीत, तर स्वस्तात घेतलेला सांगाडा निरुपयोगी ठरतो. नव्या निकषाच्या गाडीत जुन्या निकषाचे इंजिन बसवण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो मानू नये, कारण अशी गाडी नियमांत बसत नाही.

शेवटी कागदपत्रे. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक घासलेला अथवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर इंजिन कितीही उत्तम असो, व्यवहार तेथेच सोडावा. ते चोरीच्या गाडीचे निघू शकते. बिलावर इंजिन क्रमांक लिहून घ्यावा आणि मूळ गाडी मोडीत काढल्याच्या कागदाची प्रत मागावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते, आणि ही परवानगी इंजिन बसवण्यापूर्वीच घेतलेली बरी. नोंदणी प्रमाणपत्रावर एक क्रमांक आणि ब्लॉकवर दुसरा, अशा स्थितीत अपघात झाला तर विमा कंपनी पहिला आक्षेप तेथेच घेते.