फिट आणि स्मरण: उंदरांच्या मेंदूतली रसायनं
मेंदूच्या पेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात. ग्लुटामेट पुढच्या पेशीला चेतवतं, गाबा तिला आवरतं. आवर सुटला की असंख्य पेशी एकदमच उसळतात आणि फिट येते.

चेतवणं वाईट मात्र नव्हे. स्मरण त्यावरच उभं आहे. १९९९ मध्ये प्रिन्स्टनच्या जो त्सिएन यांच्या गटानं ग्लुटामेटचा निरोप टिपणाऱ्या एनएमडीए ग्राहकाचा एनआर२बी हा घटक उंदरांत वाढवला. पाण्याखाली लपवलेला चौथरा ते उंदीर लवकर शोधायला शिकले.

मला मात्र १९९७चा दुसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. न्यूरोपेप्टाइड-वाय हा आवरणारा रेणू नसलेल्या उंदरांना फिट आणणारं कायनिक आम्ल दिलं, तेव्हा त्यांची फिट थांबेचना; बहुतेक दगावले. फिट थांबते कशी, हे तिथे दिसलं. अपस्मारावरची फेनोबार्बिटालसारखी औषधं गाबाचा जोर वाढवतात, पण त्यांनी काही रुग्णांचं स्मरणही मंदावतं.