24 तावांचा दस्ता

पेशवे दफ्तरातील कागदांचा एक रुमाल सोडला जात असताना उत्तर पेशवाईतला एक मोडी कागद पाहण्याचा योग आला, आणि घडी उलगडताना त्याने यत्किंचितही कुरकुर केली नाही. उलट माझ्याच हयातीत छापलेले, माझ्याच कपाटातले एक पुस्तक त्याच आठवड्यात उघडले, तेव्हा त्याच्या पिवळ्या पानांच्या कडा बोटांखाली झडून पडल्या. हा विरोध मनात सलत राहिला. जुन्नर आणि दौलताबाद येथील कागद त्या काळी दफ्तरांतून चालत असे, हे वाचून ठाऊक होते. पण कागद हाताने होतो म्हणजे काय होते, ते डोळ्यांनी पाहावे, म्हणून महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी 1940 साली उभारलेल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेलो.

येथे लाकडाचा संबंध नाही. कापडाच्या कारखान्यांतून आलेली पांढरी सुती कातरण स्त्रिया निवडत बसलेल्या असतात. कृत्रिम धाग्याची एखादी पट्टी पाण्यात कुटली जात नाही आणि पुढे तावात तशीच उमटते, म्हणून त्यांची बोटे ती केवळ स्पर्शाने ओळखून बाजूला टाकतात. निवडलेली कातरण बारीक होते, बीटरमध्ये कुटली जाते आणि लगदा होऊन हौदात उतरते. साऱ्या जागेत ओल्या सुताचा वास भरून असतो.

हौदाशी उभा असलेला कारागीर साठीच्या घरातला असावा, आणि त्याच्यापासून माझी नजर हलेना. जाळीची चौकट तो तिरकी पाण्यात उतरवी, आडवी करून वर आणी, आणि पाणी निथळू लागण्याच्या त्या अल्प अवधीत तिला आधी पुढेमागे व मग डावीउजवीकडे असा इतका हलका हिसका देई की, नीट लक्ष नसेल तर तो दिसूही नये. कागदाचे बळ तेथेच ठरते. यंत्रात लगदा धावत्या जाळीवर पडतो, त्यामुळे तंतू बहुतांशी त्या धावेच्या दिशेने निजतात, आणि म्हणूनच वर्तमानपत्र एका बाजूने सरळ व दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे फाटते. येथे मात्र ते चहूदिशांनी परस्परांत गुंतून जातात.

"पाणी गेलं की मग हात लावून उपयोग नाही, साहेब," तो म्हणाला, आणि हात न थांबवता त्याने पुढे जोडले, "24 झाले की एक दस्ता."

मग ओला ताव कापडावर उलटणे, थर दाबयंत्राखाली पिळून काढणे, वाळवणे, खळ देणे आणि घोटणे हे सोपस्कार यथाक्रम होतात.

कागदाचे दीर्घायुष्य केवळ हातामुळे येते, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. स्वस्त कागदात लाकडाचा न शुद्ध केलेला अंश राहतो, तुरटीच्या खळीतून आम्ल शिरते, आणि ती दोन्ही मिळून कागदाला आतून जाळतात. तुरटी घातली तर हातकागदही त्यातून सुटत नाही. जुने कागदी कारागीर पिठाची खळ देऊन दगडाने कागद घोटीत, त्याचे फळ दफ्तरात दिसते. पण चिंध्यांचे लांब तंतू, निर्दोष खळ आणि तो हिसका एकत्र आले, तर पिढ्या टिकेल अशी वस्तू निर्माण होते, याविषयी माझी पुरती खातरजमा झाली.

असे ताव जातात कोठे? काही चित्रकारांकडे जातात, याचे समाधान आहे. परंतु 24 तावांमागून 24 ताव रचले जातात ते बरेचसे लग्नपत्रिकांसाठी व शोभेच्या पिशव्यांसाठी, आणि मुहूर्त टळला की पत्रिकेचे काम संपते. याचे मला दुःख होते. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे फेरफार, करारनामे, अशा ज्या दस्तऐवजांवर माणसांचे हक्क अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी सरकारी कचेऱ्यांनी आम्लरहित खळीचा हा कागद आग्रहाने मागवावा. किंमत अधिक पडेल, हे मान्य. पण जीर्ण झालेल्या कागदांच्या नकला पुन्हा पुन्हा उतरवून घेण्याचा खर्चही कोणत्या ना कोणत्या खाती पडतच असतो.