सूर्यावर सुतळी बॉम्बपेक्षा लवंगीच भारी?

मंडळी, धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा म्हटलं की आधी फटाके आठवतात. सुतळी बॉम्बचा आवाज लक्षात राहतो खरा, पण लवंगीची लांबलचक माळ लागली की सगळी गल्ली दणाणते. सूर्याचंही असंच आहे का, हा शास्त्रज्ञांचा जुना प्रश्न आहे.

शेकोटीपासून लांब गेलं की ऊब कमी होते. सूर्याचं मात्र उलटं आहे. त्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, पण त्याबाहेरचं विरळ आवरण, म्हणजे करोना, १० लाख अंशांच्याही पुढे! (नावाने दचकू नका. विषाणूला हे नाव सूर्याच्या करोनासारखा दिसतो म्हणूनच मिळालं.) मग करोनाला तापवतं कोण?

सूर्यावरचे मोठे स्फोट, म्हणजे सौरज्वाला, अधूनमधूनच होतात. तेवढ्यावर करोना कायम तापलेला राहू शकत नाही. म्हणून १९८८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी वेगळी कल्पना मांडली. पृष्ठभागावरचा वायू सतत उकळत, ढवळत असतो. त्यामुळे चुंबकीय रेषांना सुतळीसारखा पीळ बसतो. पीळ फार झाला की त्या तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. इथे दारू जळत नाही, बरं का! असे असंख्य बारीक स्फोट सगळीकडे होत असतील तर हिशोब जुळतो. अडचण एकच, एकेक स्फोट इतका क्षीण की तो दिसणार कसा?

२०२० मध्ये दोन गोष्टी घडल्या. 'सोलर ऑर्बिटर' यानाच्या फोटोंत जागोजागी छोटे ठिपके चमकताना दिसले. त्यांना नाव मिळालं 'शेकोट्या'. यातली लहानात लहान शेकोटीही मुंबई-सोलापूर अंतराएवढी, साधारण ४०० किलोमीटर!

दुसरी गोष्ट आपल्या पुण्यातली. एनसीआरए या संस्थेतले सुरजित मंडल, दिव्य ओबेरॉय आणि त्यांचे सहकारी अतुल मोहन यांनी ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए दुर्बिणीची निरीक्षणं तपासली. सूर्य शांत असतानाही त्याच्या सगळ्या भागांतून क्षणिक, क्षीण रेडिओ लुकलुक येत होती. प्राथमिक अंदाज असा, की हे सगळे स्फोट मिळून करोना तापवण्याइतकी ऊर्जा देऊ शकतात.

वाद अजून मिटलेला नाही. ही उष्णता चुंबकीय लहरींमधून वर पोहोचते, असंही काही शास्त्रज्ञ मानतात. दरम्यान, पुण्याच्याच आयुकाने तयार केलेली 'सूट' दुर्बीण 'आदित्य-एल१'वरून सूर्याचे अतिनील फोटो काढते आहे.