कलम चारची पळवाट

येत्या २९ सप्टेंबरला खैरलांजीला वीस वर्षे पूर्ण होतील. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची २००६ साली कशी हत्या झाली, ते महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. खटल्याचा शेवटही ठाऊक आहे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची जन्मठेप दिली. खटला अकरा जणांवर चालला आणि ते अकराही जण गावातलेच होते. त्या पिंजऱ्यात वर्दीतला एकही माणूस उभा नव्हता.

वर्दीचा संबंध नव्हता, असे मात्र कोणी म्हणू शकत नाही. शेजारच्या गावच्या पोलिस पाटलाला सप्टेंबरच्या सुरुवातीला मारहाण झाली होती. त्या प्रकरणात सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी साक्ष दिली. आरोपींना अटक झाली, २९ तारखेला जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी भोतमांगेंच्या घरावर जमाव चालून आला. साक्षीदार बाया एकट्या, आरोपी सुटून गावाकडे निघालेले. अशा वेळी गावात दोन शिपाई बसवावेत, एवढे सुचायला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. ते झाले नाही. पुढे शवविच्छेदन इतके वरवरचे निघाले की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. आंदोलन पेटले तेव्हा काही पोलिसांना निलंबित केले गेले आणि तपास सीबीआयकडे सोपवला गेला. पण निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता मिळत राहतो.

अशा कसुरीसाठी कायद्यात तरतूद नव्हती का? होती. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या कलम ४ नुसार जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण २००६ साली हे कलम फारच मोघम होते. ‘कर्तव्य’ म्हणजे नेमके काय, हे त्यात लिहिलेलेच नव्हते. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली आणि कर्तव्यांची यादी आली. तोंडी तक्रार लिहून घ्यायची, सही घेण्याआधी ती तक्रारदाराला वाचून दाखवायची, योग्य कलमांखाली गुन्हा नोंदवायचा, नोंदीची प्रत द्यायची, पीडितांचे व साक्षीदारांचे जबाब घ्यायचे, साठ दिवसांत आरोपपत्र दाखल करायचे.

यादीतली ‘वाचून दाखवायची’ ही बाब किरकोळ वाटेल. पण ठाण्याच्या बाकावर अंगठा पुढे करून बसलेल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोरचा हवालदार लिहितो आहे. शिवी जातीवरून दिली होती, हे वाक्य कागदावर उतरले की नाही, हे तिला कळायला दुसरा मार्ग नाही. ते वाक्य गळले की गुन्ह्याचे कलमच बदलते. खैरलांजीच्या खटल्यात तर सगळा पुरावा समोर असूनही न्यायालयाने अत्याचाराचा कायदा लागू होत नाही असे ठरवले. ही सुडाची हत्या आहे, असे मानले.

आता पळवाटेकडे येऊ. कलम ४ लागू होते ते अनुसूचित जाती-जमातीचा ‘नसलेल्या’ लोकसेवकाला. आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवरच्या पुस्तकात एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली : हे प्रकरण ज्यांच्या हातून गेले, त्या सरकारी माणसांत दलित समाजातले अनेक जण होते. व्यवस्थेत शिरलेला माणूस व्यवस्थेचा होतो, हा त्यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि कायद्यासाठी त्याचा अर्थ फार गंभीर आहे. एकाच ठाण्यात, एकाच रात्री, एकच कसूर दोघांनी केली, तर एकाला कैद आणि दुसऱ्याला हे कलमच नाही! अधिकार खुर्चीला मिळतो, तर जबाबदारीही खुर्चीलाच चिकटली पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीने कर्तव्यांची यादी दिली, पण हे वाक्य तसेच ठेवले.

दुसरी अडचण अशी की, या कलमाखाली गुन्हा दाखल करायला आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. चौकशी करणार कोण? त्याच प्रशासनातले अधिकारी. फौजदाराने कसूर केली असे लिहिले, की देखरेख कोणाची होती हा प्रश्न आपल्याच रांगेपाशी येतो, हे त्यांना कळत नाही थोडेच.

हे फक्त पोलिसांचे नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बाळे गेली. पुढे जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मात्र नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवणे परिचारिकेच्या हातात असते काय?

शिक्षा होत नसली, तरी भरपाईचा मार्ग आहे. निलाबती बेहेरा खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतील मृत्यूसाठी सरकारला दीड लाख रुपये द्यायला लावले. त्याच वर्षी लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात, भरपाई जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी असेही म्हटले. पहिला निकाल पुढे शेकडो खटल्यांत वापरला गेला. दुसरा क्वचितच कोणाला आठवतो, म्हणून पैसे तुमच्या-माझ्या करातून जातात. अमेरिकेतही २००९ च्या इक्बाल खटल्यात न्यायालयाने वरिष्ठाची स्वतःची चूक दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरायला नकार दिला. त्यात तथ्य आहे. हाताखालच्याच्या प्रत्येक पापाचे खापर वरिष्ठावर फोडता येणार नाही. पण वरिष्ठाने काय करायचे, हे आपल्याकडे १९९५ च्या नियमांत लेखी आहे. नियम ६ नुसार अत्याचाराची खबर मिळताच जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा किमान उपअधीक्षक दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्याने घटनास्थळी जायचे. नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून निदान एकदा बसायचे. वरिष्ठाची ‘स्वतःची चूक’ या कागदांवरूनच सिद्ध होते.

म्हणून भंडाऱ्याच्या वाचकांना एवढेच सांगणे आहे. खैरलांजीच्या स्मरणदिनी सभा घ्याच, पण त्याआधी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. गेल्या तीन वर्षांत दक्षता समितीच्या बैठका किती झाल्या, हजर कोण होते, कलम ४ खाली किती चौकशा मागितल्या गेल्या, हे विचारा. इतिवृत्ताच्या प्रती घ्या आणि त्या गावोगावी वाचून दाखवा.