दारूचा हिशेब, दोन भेटींत

कॉलेजातला मुलगा फार प्यायला लागला की आपण त्याला घाबरवायला जातो. खराब झालेल्या लिव्हरची चित्रं, व्याख्यान, शपथ. शनिवारी तो पुन्हा पितो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात वेगळी वाट काढली. ‘बेसिक्स’ हे तिचं नाव. जेमतेम तासाभराच्या दोन भेटी, बस.

पहिल्या भेटीत समुपदेशक फक्त विचारतो: कधी, किती, कोणाबरोबर? ‘एक’ म्हणजे किती, हेही ठरवून घ्यावं लागतं. अमेरिकेत एका मापात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, म्हणजे बिअरचा ३५५ मिलीचा कॅन किंवा ४४ मिली व्हिस्की. अंदाजाने ग्लासात ओतलेली दारू बहुधा याहून जास्तच भरते. पुढच्या भेटीपर्यंत मुलाने रोजची नोंद ठेवायची.

खरं काम दुसऱ्या भेटीत होतं. नोंदींवरून केलेला त्याचाच हिशेब समोर येतो. “बाकीची मुलं आठवड्याला किती पितात, असं तुला वाटतं?” तो सांगतो तो आकडा बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. पार्टीत धिंगाणा घालणारे डोळ्यांत भरतात. खोलीत झोपलेला कोणाला दिसत नाही. ‘सगळेच पितात’ हा आधार तिथेच डळमळतो.

मग नशेचा आलेख. रक्तातलं अल्कोहोल साधारण ०.०५ टक्क्यांपर्यंत चढेतो मजा वाटते. त्यापुढे मजा वाढत नाही, तोल आणि आठवण जाते. समुपदेशक उपदेश करत नाही. “हे बघून तुला काय वाटतं?” एवढंच विचारतो आणि थांबतो. मला हे थांबणं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण बदलाचं कारण मुलाच्याच तोंडून यावं लागतं. दारू सोडच, असा हट्टही नसतो. आधी जेवायचं, मोजून प्यायचं, मध्ये पाणी घ्यायचं, असे उपाय तो स्वतः निवडतो.

जादू नाही ही. पण या भेटी मिळालेल्या मुलांना दारूपायी होणारे त्रास दोन वर्षांनंतरही इतरांपेक्षा कमी होते. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांकडून आरोग्य केंद्रांत असंच थोडक्या भेटींचं समुपदेशन करून पाहिलं. तिथेही उपयोग दिसला.

मात्र सकाळी दारूविना हात थरथरत असतील, तर या दोन भेटी पुरणार नाहीत. अशा मुलाला एकदम दारू बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरकडे न्या.